बियाण्याचा मुडा

माझा दुसरा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. पहिला दीड महिन्याचा असताना झोपेतच गेला होता. सकाळी उचलायला गेले तर अंग गार. त्यामुळे दुसरा झाल्यापासून मी रात्रभर त्याच्या झोळीजवळ बसून राही. तो फार रडका नव्हता, रडला तरी लगेच पुन्हा झोपायचा. मीच त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत बसायची आणि कोंबडं आरवलं की जात्यावर जायची. घरात हे कोणाला माहीत नव्हतं. सांगायची लाज वाटे.

झोप नसली की माणसाचं काय होतं ते मला त्या दिवसांत कळत गेलं. भूक फार लागे, खाऊन पोट भरलंय हेच समजत नसे. रोजच्या वाटेवर ठेच लागे. विहिरीवर पोहोचल्यावर आपण कशाला आलो ते आठवेना, घागर डोक्यावरच असताना. पोर मांडीवर झोपलेलं असे आणि मला आतल्या घरातून त्याचं रडणं ऐकू येई. एकदा भाजी निवडताना समोरची सारवलेली भिंत हळूहळू आत-बाहेर होताना दिसली, रवंथ करणाऱ्या म्हशीचं पोट हलतं तशी. खरं तर घाबरायला हवं होतं. पण भिंत हलते की माझे डोळे, हेच मला बघायचं होतं. उठून हात लावला. भिंत जागच्या जागी होती.

वैशाख चालू होता. रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते आणि पेरणीचं बियाणं माळ्यावर ठेवलं होतं. आमच्याकडे बियाण्याचं भात पेंढ्यात घालून, वर दोरीने करकचून बांधून ठेवतात. त्याला मुडा म्हणतात. रोजच्या खाण्याचं भात खाली कणगीत असे. त्या सकाळी सासूबाईंनी मला भात कांडायला सांगितलं आणि त्या गोठ्यात गेल्या. मी उखळापाशी बसले. मुसळ वर-खाली होत होतं एवढंच मला आठवतं.

सासूबाई गोठ्यातून दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"ह्यो वास कशाचा गं?"

मी म्हटलं, कसला वास?

त्यांनी उखळातली मूठ उचलून नाकाशी नेली. आमचं रोजचं भात जाडंभरडं, त्याला वास नाही. बियाणं आंबेमोहोराचं होतं. अख्ख्या पडवीत त्याचा घमघमाट सुटला होता आणि उखळावर वाकलेल्या मला तो आला नव्हता. बाजूला मुड्याची दोरी पडली होती. म्हणजे मी शिडीने माळ्यावर चढले होते, मुडा खाली आणला होता आणि सासऱ्यांनी ओढून मारलेल्या गाठी नखांनी सोडल्या होत्या. यातलं मला काहीच आठवत नव्हतं. निम्मं बियाणं कांडून झालं होतं.

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. सासूबाई मात्र माझ्यासमोर बसल्या आणि रात्री किती झोपतेस म्हणून विचारलं. मला सांगता येईना. लपवत नव्हते, खरंच माहीत नव्हतं.

"आज बियाणं कांडलंस. उद्या पोराला काखंत घिऊन चुलीवर पडशील," त्या म्हणाल्या.

त्यांनी हे रागावून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. ज्याच्यासाठी मी जागत होते त्यालाच माझ्या जागण्याचा धोका होता, हे कधी मनातच आलं नव्हतं. मग मी त्यांना झोळीजवळ बसण्याचं सगळं सांगितलं.

"माजी बी दोन गेली," त्या म्हणाल्या. "मी बी बसली हुती आशीच. आपुन जागून ती ऱ्हात न्हाईत, बाय."

संध्याकाळी सासरे जेवायला बसले. ताटातला भात हुंगून म्हणाले, "सुनबाईंनी औंदा खाचर ताटातच लावलं." सासूबाईंनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. बियाणं आणायला त्या स्वतः मुठ्याला, माहेरी आपल्या भावाकडे चालत गेल्या आणि उंदरांनी मुडा फोडला असं तिथं सांगितलं.

त्या रात्रीपासून झोळीची दोरी त्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि मला ओटीवर पाठवलं. पहिले दोन दिवस मी ओटीवरही जागीच. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. मी धावत आत गेले. मुलगा त्यांच्या मांडीवर खेळत होता. रात्रीतून तीनदा रडला म्हणाल्या. एकाच घरात माझं मूल तीनदा रडलं आणि मला ऐकू आलं नाही, मग तेवढा वेळ मी होते तरी कुठे? आधी शरमले, पण नवलच जास्त वाटलं.

मग मला छंद लागला. गोठ्याच्या भिंतीवर रोज सकाळी कोळशाने रेघ ओढायची, झोप बरी लागली तर लांब, नाही तर आखूड. संध्याकाळचा चहा सोडला की रेघ लांब होते असं दिसलं. कढत पाण्याने पाय धुऊन पडलं तरी लांब. दुपारी सावलीला फार वेळ लवंडलं तर आखूड. सासऱ्यांनी एकदा विचारलं, गाभण म्हशीचे दिवस मोजतेस का? मी हो म्हटलं.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली तेव्हा सासूबाईंनी दोरी मला परत दिली. मी ती अंगठ्याला बांधली आणि छातीवर हात ठेवायला उठले नाही. झोळी हलली की पाय आपोआप ओढला जाई, तो रडून मला जाग आली तर मी उठे, नाही तर नाही. सकाळी सासूबाईंनी विचारलं, किती वेळा उठलीस? मी म्हटलं, दोनदा. त्या म्हणाल्या, चारदा रडला, दोनदा तुझ्या पायानंच निजवला.