आत्याच्या हातून

आमच्या लाँड्रीत तिला सगळेच आत्या म्हणत, मालकापासून गाडीवाल्यापर्यंत. ती वाफेच्या इस्त्रीवर, मी शेजारच्या टेबलावर डाग काढायला. तिच्यासारखी कॉलर कुणाची बसत नसे. पण दुपार झाली की हातातला शर्ट संपवायची, एप्रन खुंटीला अडकवायची आणि पळायची. त्यामुळे पगार अर्धा, आणि बढतीचं नावच नाही. कारण घरी चिंगी.

चिंगी तिच्या भावाची मुलगी. घोड्याएवढी वाढलेली, अठ्ठावीस वर्षांची. शब्द मोजकेच, तेही मनात आलं तर. मिक्सर लागला की कान दाबून भिंतीकडे तोंड करायची. डब्यांची झाकणं फरशीवर गरागरा फिरवत बसायची, आणि जेवायची ती फक्त आत्याच्या हातून.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात आत्यानं सांगून टाकलं, "लहानपणी माझ्या हातून पडली गं ती. म्हणून अशी झाली." आपण कुठल्या गावचे हे लोक जसं सांगतात, तसं ती हे सांगायची.

झालं होतं एवढंच. दादा-वहिनी सिनेमाला गेले होते. आत्या तेव्हा बावीस वर्षांची. चिंगीला पलंगावर ठेवून ती उतू चाललेलं दूध उतरवायला आत गेली, तेवढ्यात पोर कुशीवर वळून खाली पडली. टेंगूळ आलं, रडली, दूध प्यायली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी टेंगूळही उतरलं. पुढे दोन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर बघेना, तेव्हा डॉक्टरकडे नेलं. सगळ्यांना विचारतात तसं त्यानं विचारलं, "कधी पडली-बिडली होती का?" वहिनीनं मान वळवून आत्याकडे पाहिलं.

"तेव्हापासून वहिनीची मान काही सरळ झाली नाही," असं म्हणून आत्या हसायची.

आत्याचं लग्न ठरलेलं होतं, छापखान्यातल्या एका मुलाशी. ते कुणी मोडलं नाही. "आत्ता हिला कोण बघणार?" असं आत्याची आई म्हणाली आणि ते पुढे ढकललं. परत एकदा ढकललं. शेवटी त्या मुलानं दुसरीशी लग्न केलं. वहिनी नोकरीवर परत गेली, दादाला बढत्या मिळाल्या. पाठोपाठ मुलगा झाला, तो लवकर बोलायला लागला आणि घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. चिंगीला ऑटिझम आहे, हे नाव फार उशिरा घरात आलं. तोवर कारण ठरून गेलं होतं.

गेल्या वर्षी चिंगीला फिट येऊ लागल्या. मोठ्या इस्पितळात न्यायचं तर धरायला दोघी हव्यात, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरीण तरुण होती, बाह्या दुमडलेली. तिनं चिंगीला हात लावायच्या आधी आपली टॉर्च तिच्या हातात देऊन खेळू दिली. ते बघूनच मला ती आवडली. आत्यानं नेहमीचं सांगायला सुरुवात केली, "डॉक्टर, चूक माझी आहे. पलंगावरून..."

डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, पलंगावरून पडून ऑटिझम होत नाही. ती जन्मताच अशी होती. दोन वर्षांपर्यंत तुमच्या लक्षात आलं नाही, इतकंच. नेमकं एकच कारण सांगता येत नाही, पण बरंचसं रक्तातून येतं. घरात आणखी कुणी असं होतं का?"

आत्यानं चिंगीच्या हातातली टॉर्च सरळ केली. मग म्हणाली, "आमचे मोठे काका." वडिलांचे थोरले भाऊ. रोज त्याच एका ताटात जेवायचे. खुर्ची हलवली तर दिवसभर उपाशी राहायचे. कुणाच्या डोळ्यांत बघून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. घरात त्यांना तिरसट म्हणायचे.

"असू शकेल," डॉक्टरीण म्हणाली. "आता नक्की सांगता येणार नाही. पण त्यात त्यांचीही चूक नाही आणि तुमची तर नाहीच."

बाहेर पायऱ्यांवर मी तिचा हात दाबला. "सुटलीस बाई!"

"सुटून जाऊ कुठे?" आत्या म्हणाली.

घरी जेवताना तिनं हे सांगितलं. काय झालं ते दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता मला कळलं. आनंद तर सोडाच, कुणी घास गिळेना. दादा म्हणाला, "काल शिकून आलेली पोरगी, तिला काय कळतंय! आणि काकांचं नाव या घरात काढायचं नाही." मुलाचं लग्न ठरत होतं. ऑफिसातलीच मुलगी, तिचे आईवडील रविवारी यायचे होते. त्यांना आधीच सांगून झालं होतं की मोठी मुलगी अपघातानं अशी झाली आहे. अपघात म्हटलं की रक्तावर बोट येत नाही.

वहिनी आधी ओरडली, मग रडायला लागली. "इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की माझ्या पोटात काही बिघडलं नव्हतं. तेवढंसुद्धा ठेवणार नाही का तुम्ही मला?"

आणि मग दादा अगदी शांतपणे, उपकार केल्यासारखा म्हणाला, "ठीक आहे. तुझी चूक नाही ना? मग तू कशाला अडकून बसतेस? एखाद्या संस्थेत ठेवू तिला. तूही मोकळी, आम्हीही मोकळे."

रविवारी पाहुणे आले. मुलीची आई भली बाई. आतल्या खोलीत झाकणं फिरल्याचा आवाज येत होता, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "जन्मापासूनच अशी आहे का हो?" दादा उशी नीट करू लागला. वहिनी पाणी आणायला उठली. आत्या बोलली, "छे, जन्मली तेव्हा अगदी चांगली होती. माझ्या हातून पडली."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. लाँड्रीत सगळ्यांसमोर मी तिला झापलं, "खरं कळल्यावरसुद्धा? लाज कशी वाटली नाही तुला? त्यांना मोकळं सोडलंस आणि सगळं परत आपल्याच डोक्यावर घेतलंस!"

तिनं बाहीची घडी घातली, उलटली, पुन्हा घातली. "पोरीला संस्थेत भरवणार कोण?" ती म्हणाली. "माझी चूक आहे तोवर ती माझी आहे. चूक गेली की ती त्यांची. आणि त्यांना तर नकोच आहे."

मी डागावर पावडर टाकली आणि घासत राहिले.

लग्न झालं. त्या दिवशी आत्या आणि चिंगी घरीच होत्या, गर्दीचा चिंगीला त्रास होतो म्हणून. पुढच्या वर्षी सुनेला मुलगी झाली. आत्यानं लाँड्रीत पेढे नाही, पण सगळ्यांना चहा पाजला. जुन्या मऊ चादरी मालकाकडून मागून घेतल्या, उकळल्या आणि इस्त्री करून दुपटी शिवली.

बाळ घरी आलं तेव्हा मीही बघायला गेले होते. आत्यानं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि ते पसरून सुनेपुढे उभी राहिली. सून काही वाईट नाही. घाबरली, इतकंच. बाळाला तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सासूकडे पाहिलं.

"आत्या, तुम्ही लांबूनच बघा," वहिनी म्हणाली. "माहितीय ना?"

दादा तिथेच बसला होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं. इस्त्रीच्या वाफेनं खडबडीत झालेले ते हात थंडगार होते. "चुकतंय कुठे सूनबाईचं?" ती मला दारात सोडताना म्हणाली. "तिच्या आईला मीच सांगितलं होतं की."

मग आतून चिंगीची हाक आली, आणि ती तिला भरवायला गेली.