देव्हाऱ्यातला डच घोडेस्वार

माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यातला खंडोबा खंडोबा नव्हताच. तो डच होता. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली पोस्टातली कारकून होते. कुठली गोष्ट आईपुढे बोलावी आणि कुठली गिळावी, एवढी अक्कल त्या वयातही मला नव्हती.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या घरी असे पाच टाक होते. चार पातळ आणि चौकोनी. पाचवा मात्र गोल, जाडजूड, तळहातावर घेतला की वजन जाणवणारा. त्यावर उधळलेला घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला स्वार आणि पायाखाली मुकुटासारखं काहीतरी. आई म्हणायची, तो मणी दैत्य. दर रविवारी ती चिंचेच्या कोळाने टाक घासायची, त्यावर हळद वाहायची, आणि घासून झालेला हा गोल टाक कोरडा करायला माझ्या हातात द्यायची. भावाला कधी द्यायची नाही, कारण तो पाडायचा.

पुढे एकदा नांदेडला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. ऑफिसच्या कामाला गेले होते, वेळ होता म्हणून आत शिरले. बघते तर काचेखाली आमचा खंडोबा! शेजारी चिठ्ठी: डच कंपनीच्या काळातलं चांदीचं नाणं, घोडेस्वार. पायाखाली दैत्य नव्हता, कुठल्यातरी प्रांताची ढाल होती. मागच्या बाजूला दोन सिंह. आमच्याकडे ती बाजू कायम खाली असायची, त्यामुळे सिंह कुणाला दर्शन देत नसत. ते नाणं कुठल्या जहाजातून उतरून, किती हात बदलून आमच्या गावी आलं, देव जाणे. म्हणजे तोच जाणे.

त्या रविवारी मी माहेरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती घासत होती ते घासतच राहिली.

"घोड्यावर बसलाय, हातात तलवार हाय, अंगावर हळद हाय," ती म्हणाली. "मग कोन हाय तो? तुज्या पोस्टातला साहेब?"

तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं.

आई गेली आणि टाक भावाकडे राहिला. तो तिथेच राहणार होता. आमच्यात माहेरचे देव लेकीला देत नाहीत. लग्न झालं की तिचं कुळदैवत बदलतं, तिने नव्या घरच्या देवांना हळद वाहायची. भाऊ मला तुरीची डाळ देई, दिवाळीला साडी देई. देव कसा मागणार? मागितला असता तर त्यालाही अवघड झालं असतं. पण मला तो हवा होता. दुसरं काही नको, तेवढा एकच हवा होता.

मग मी त्या घोडेस्वाराचे भाऊबंद गोळा करू लागले. वसमतच्या एका सराफाकडे जुन्या दागिन्यांची मोड येते. हळदीच्या पिकाचे पैसे हातात आले की बायका नवीन घडवतात आणि जुनं देऊन टाकतात. त्यात कधीतरी कडी डागलेलं परदेशी नाणं निघतं. सराफ ते आटवण्याआधी मला फोन करतो. सुरुवातीला मी भरपूर फसले. ओतीव नकला चकचकीत असतात, आणि चकाकीला माणूस भुलतोच. हळूहळू डोळे उघडले. कडेवर साच्याची शिवण दिसते का ते भिंगातून पाहायचं. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजवायचं. खरी चांदी बराच वेळ गुणगुणते, नक्कल ठक्क करून थांबते. वजन करायचं, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवायचं आणि काट्यावर पुन्हा बघायचं. लोक लांबून नाणी घेऊन येऊ लागले. बहुतेकांना मी "खोटं" म्हणून परत पाठवलं. काही चिडले, एक तर रडला. पण कुणाचं तोंड बघून मी उत्तर बदललं नाही. याचा मला गर्व होता, अजूनही आहे.

माझ्याकडे आज तीन खरे घोडेस्वार आहेत. तिघांचीही नाकं शाबूत आहेत. त्यांच्याकडे बघून मला काहीच होत नाही.

यंदा मार्गशीर्षात एका दुपारी भाऊ आला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून सोडला. आत टाक होता.

"अक्का, एवढं बघून दे. चांदी खरी हाय का खोटी, बराबर सांग."

फोनवर ते व्हिडिओ फिरतात ना, जुनं नाणं द्या, लाखो घ्या! हा विकायला निघाला, मी धरूनच चालले. खरं म्हटलं तर विकेल. खोटं म्हटलं तर टाकून देईल, आणि टाकलेलं मला उचलता येईल. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगली पाच मिनिटं बसून राहिला.

मी टाक हातात घेतला. कडेला शिवण नव्हती. वाजवला, गुणगुणला. हवेत एकतीस ग्रॅम, पाण्यात अठ्ठावीस, म्हणजे चांदीच. स्वाराला चेहराच उरला नव्हता. आईचा अंगठा दर रविवारी तिथूनच फिरायचा, चाळीस-पन्नास वर्षं. मी माझा अंगठा तिथे ठेवला. तो बरोबर बसला आणि मला रडू फुटलं.

"काहून रडून राहिली?" भाऊ घाबरला. "खोटा हाय का?"

"नाही रे," मी म्हटलं. "खरा आहे. शंभर टक्के खरा."

त्याने टाक माझ्या हातातून घेतला आणि कपाळाला लावला. मग म्हणाला, "आमचा सोनार म्हने, ह्यात भेसळ हाय, भेसळीचा देव घरात ठेवू न्हाई, नवा घडवा. म्या म्हनलं, आदी अक्काला दाखवतो. खोटा निगाला तर तुज्यापशीच ठेवून जायाचं ठरवून आलो होतो. तुजा लई जीव हाय त्याच्यावर, आई सांगायची. पन आता खरा निगाला. खरा देव घरातून कसा काडावा, तूच सांग."

बरोबर आहे, म्हटलं. चहा टाकला. तो प्यायला. मग टाक रुमालात गुंडाळू लागला. त्याच्या हाताने गाठ नीट बसेना, म्हणून ती मीच मारून दिली.