धुराला टांगलेला दुधी

माहीम गावात, पोफळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला बोईसरच्या चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं की तो काय करतो? नरहरी सावे नाक मुरडायचा. सकाळी गॅलरीत उभा राहून आधी तारापूरकडून येणाऱ्या कारखान्यांच्या वासाला, मग खाली नाक्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत हिंदीत गप्पा ठोकणाऱ्या कामगारांना, मग समोरच्या बिल्डिंगीत कुंडीतल्या मनीप्लांटची पानं ओल्या फडक्यानं पुसत बसणाऱ्या बाईला. चहा येईपर्यंत निम्मं बोईसर त्याच्या नजरेतून उतरलेलं असायचं. राहिलेलं निम्मं चहानंतर.

भावाभावांत वाडीच्या वाटण्या झाल्या. धाकट्यानं आपल्या वाट्याची पोफळी तोडून पर्यटकांसाठी रंगीत खोल्या बांधल्या. नरहरीचा वाटा विकून केदारचा, म्हणजे मुलाचा, फ्लॅट आला. वाडीतून नरहरीनं आणलं काय, तर आज्याच्या वेळेपासून घरात चालत आलेल्या दुधीचं बी, औषधाच्या डबीत घातलेलं. लांब मानेचा, खाली घागरीसारखा फुगणारा दुधी. बाजारात मिळतात त्या आखूड दुध्यांना तो दुधी म्हणायचाच नाही. "सलाइनच्या बाटल्या नुसत्या," म्हणायचा.

सून किंजल उंबरगावच्या गुजराती घरातली, नोकरी करणारी, उत्साही. तिनं सोसायटीतल्या चौघा-पाच जणांना जमवून गच्चीवर शेती सुरू केली. कारखान्यांतून निघणारी निळी पिंपं धुऊन, मधोमध कापून त्यांत पालक, मेथी, टोमॅटो. रविवारी संध्याकाळी तिथंच आसपासची पोरं गिटार आणि वर बसून बडवायचा एक लाकडी खोका घेऊन यायची. या सगळ्याला नाव ठेवलं होतं, 'हिरवी गच्ची, गाती गच्ची'. शहर राहण्यासारखं करायचं, असं किंजल म्हणायची.

"कसला रंग हुता या पिंपात?" नरहरीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"धुतलीत पप्पा, चांगली."

"बगा बाबा. नायतर वांगी निळी यायची."

पहिला टोमॅटो पिकला तेव्हा चौदा माणसांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. नरहरी टाकीच्या सावलीत बसून बघत होता. "पोर झालं तरी एवडं कोण मिरवत नाय," तो म्हणाला. मेथीची कापणी झाली, तिला पार्टी ठेवली. पार्टीला भजी बाहेरून मागवली, कारण मेथी पुरली नाही. हा किस्सा त्याला आठवडाभर पुरला.

तरी पाऊस सुरू होताना त्यानं एक पिंप मागून घेतलं. कोपऱ्यात, टाकीमागं, कुणाचा हात लागणार नाही असं. डबीतलं होतं नव्हतं ते सगळं बी त्यात टोचलं. बी जुनं झालेलं. उगवलं ते थोडंच, आणि जगला एकच वेल. पण जातवान. टाकीवर चढला, पाइपावरून पलीकडे गेला. पहिली फळं घरी भाजीला गेली. शेवटचं एक नरहरीनं वेलावरच ठेवलं, बियाण्याला. माहीमच्या वाडीतलं आता जगात कुठं काही उरलं असेल, तर ते त्या एका दुधीच्या पोटात होतं. हे तो कुणाला बोलला नाही. त्याच्या मते ते समजण्याच्या लायकीचं त्या गच्चीवर कुणी नव्हतं.

रविवारच्या पोरांत एक रूपेश होता. मासवणचा, वारली, एका कंपनीत पॅकिंगला. तो तारपा वाजवायचा. दुधी भोपळ्याचं पोट, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढं ताडाच्या पानाचं लांब तोंड. गिटार आणि खोका त्याच्या मागं फरफटत जायचे, तो फुंकायला लागला की खालच्या मजल्यावरची पोरंसोरं वर पळत यायची. नरहरी तारप्याला पोंगा, म्हणजे भोंगा, म्हणायचा. "कंपनीचा पोंगा काय कमी वाजतो, म्हणून हा दुसरा."

दिवाळी जवळ आली आणि रूपेशचा तारपा पोटाला तडकला. त्या रविवारी तो टाकीमागं आला. वाकून त्यानं दुधीवर बोटानं टिचकी मारली, कान लावला.

"हात काड," नरहरी म्हणाला.

"काका, हा वाळला की मला द्याल? आमच्याकडं आता असा येत नाय. सगळी बाजारचंच बी लावतात."

"बियाण्याचा हाय तो. तुज्या पोंग्याला देऊ?"

"बी तुमीच घ्या ना. मला वरचं कवच पायजे फक्त."

सरळ होतं ते. पण नरहरीला सरळ गोष्ट कधी दिसली आहे? त्याला दिसलं एवढंच, की पोराची नजर लागली. आज मागतोय, उद्या तोडून नेईल. ही असलीच जात, असं तो मनात म्हणाला, आणि कुठली जात ते मनातही धड ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नख रुतवून पाहिलं. साल नखाला दाद देत नव्हती, पण दुधी अजून हिरवा होता, वजनाला जड. वेलावर अजून राहायला हवा होता. त्यानं देठ लांब ठेवून कापला आणि घरी आणला.

असा अर्धवट पिकलेला दुधी माहीमला चुलीवर आढ्याला बांधत. धुरात तो हळूहळू आतून सुकतो, कीड लागत नाही, बी पोटातच पक्कं होतं. कच्च्यात फोडला तर बी पोचट. नरहरीच्या आईनं हेच केलं होतं, आजीनं हेच. तेव्हा नरहरीनं स्टूल घेतलं आणि स्वयंपाकघरात, गॅसच्या बरोबर वर, हुकाला दुधी टांगला.

"पप्पा, हे काय?"

"चुलीवर टांगतात."

"पण ही चूल नाय."

"मंग काय हाय? जाळ हाय ना खाली?"

किंजलनं कुकर चढवला. सासरा बोलत सुटला की गप्प बसायचं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

जाळ होता, धूर नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ कुकरची वाफ मात्र थेट दुधीच्या बुडाला लागायची. थोड्याच दिवसांत सालीवर पांढरी बुरशी धरली. नरहरी ती रोज पुसायचा आणि कुणी बघत नाही ना ते बघायचा. मग एका दुपारी बुडाशी अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला. थोडाच, पण गेला.

त्यानं माहीमला भावाला फोन केला. भाऊ हसला. "चूल? दादा, इथं आता इंडक्शन हाय. पाहुण्यांना धूर चालत नाय."

रविवारी नरहरी गच्चीवर आपणहून गेला. रूपेश तारप्याविना बसला होता, खोका बडवत.

"काय रे, तुज्या घरी चूल हाय का, का तुमीपण साहेब झाले?"

"हाय की. आई गॅसला हात लावत नाय."

मोटारसायकलवर मागं बसून, दुधी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून नरहरी मासवणला गेला. रस्ताभर तो खड्ड्यांना आणि रूपेशच्या गाडी चालवण्याला शिव्या घालत होता.

रूपेशची आई बायडी अंगणात भात पाखडत होती. तिनं टॉवेल सोडला, दुधी फिरवून बघितला, बुडाशी बोट लावलं.

"कच्चा का तोडला?"

नरहरी दारावरच्या वेलाकडं बघत राहिला.

"मी चोरीन म्हणून, आई," रूपेश म्हणाला.

"म्हंजे तारप्याला पोंगा म्हणतो तो तूच?"

बायडी सगळ्यांनाच तू म्हणायची, सरपंचालाही. नरहरीला असं आई गेल्यावर कुणी म्हटलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं वाटलं, पण दुधी तिच्या मांडीवर होता.

"बी तुझं, भोपळा माझ्या पोराचा," बायडी म्हणाली. "कबूल असंल तर टांगते. नसंल तर ने, तुझ्या कुकरावर शिजव."

"कबूल," नरहरी म्हणाला. एवढ्या हळू, की तिनं त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं.

थंडी सरता सरता रूपेशचा निरोप आला. दुधी काजळीनं काळाठिक्कर झाला होता, आणि हलवला की आत खुळखुळत होता. रूपेशनं अंगणात बसून पात्यानं भोक पाडायला घेतलं. "तिरका जातोय," नरहरी म्हणाला. "बिया कापशील." रूपेशनं पातं न थांबवता भोक पाडलं आणि दुधी रुमालावर पालथा केला. बुडाकडच्या बिया काळ्या, सडलेल्या. बाकीच्या पांढऱ्या, भरलेल्या. नरहरीनं एक दाताखाली धरली. कटकन वाजली. त्यानं भराभर चांगल्या एकीकडं ओढायला सुरुवात केली.

"मला दे थोड्या," बायडी म्हणाली.

भोपळा द्यायचं ठरलं होतं, बी नव्हे. पण हिचा धूर, हिचं आढं. नरहरीनं मान खाली घालून ढिगातल्या चपट्या, बारक्या बिया निवडल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या.

बायडीनं त्या बघितल्या. मग हात झटकून कोंबड्यांपुढं टाकल्या. खाली बसली, रुमालावरच्या चांगल्या ढिगात पंजा घातला आणि मूठ भरून उचलली. नरहरीचा हात अर्ध्यावर गेला, तिथंच थांबला.

"पावसाच्या तोंडावर टोच," तो म्हणाला. "पाणी साचतं तिथं नको."

"मला शिकवतो," बायडी म्हणाली आणि मूठ पदराला बांधत आत गेली.

रूपेश दुधीच्या भोकाला तोंड लावून नुसताच फुंकून बघत होता. दुधी घुमला. नरहरीनं उरलेल्या बिया रुमालात बांधून दोन गाठी मारल्या, तो बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि एसटी चुकेल म्हणून, कुणाचा निरोप न घेता, फाट्याकडं चालायला लागला. एसटीला अजून वेळ होता.