तेल संपल्यावरचं गाढव

अख्ख्या आखातात तेल संपायची तयारी करून बसलेला एकच माणूस असेल, आणि नशिबाने तो माझा अर्बाब निघाला. अर्बाब म्हणजे मालक. ज्याच्या नावावर आपला व्हिसा आणि ज्याच्या सहीवर आपलं इथलं राहणं, तो. गावी कुणाला सांगितलं की मी ओमानात अरबाकडे कामाला आहे, तर समोरचा आधी विचारतो, विहीर केवढी आहे त्याची? आमच्या वेंगुर्ल्याकडे अशी समजूत आहे की प्रत्येक अरबाच्या परसात, आपल्याकडे पाण्याची असते तशी, एक तेलाची विहीर असते आणि सकाळी उठून तो आत डोकावून बघतो, आज किती आहे. माझ्या अर्बाबने आयुष्यात तेलाची विहीर पाहिलेली नाही. त्याच्या परसात आहे ते एक गाढव.

गाढवाचं नाव बर्मील. बर्मील म्हणजे पिंप, आणि पोट बघितलं की नाव कुणी ठेवलं हे विचारावं लागत नाही. अर्बाबचं म्हणणं असं की तेल हा पाहुणा आहे. पाहुण्याला जा म्हणायचं नाही, पण तो कायमचा राहणार असं समजून घरही मांडायचं नाही. त्याच्या लहानपणी मस्कतबाहेर धड रस्ता नव्हता. त्याचा आजा डोंगरातल्या गावातून खजूर घेऊन गाढवावरून उतरायचा. मग तेल आलं, त्याच्या मागोमाग रस्ते, दिवे, शाळा, हॉस्पिटलं, सगळं अर्बाबच्या डोळ्यांदेखत आलं. जे डोळ्यांदेखत आलं ते डोळ्यांदेखत जाऊही शकतं, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. सरकारसुद्धा हल्ली तेच सांगतं, तेलावर अवलंबून राहू नका, दुसरे उद्योग काढा. लोकांनी कुणी हॉटेल काढलं, कुणी मासे परदेशी पाठवले. आमच्या अर्बाबने गाढव घेतलं.

मस्कतच्या अल मवालेह भागातल्या त्याच्या दुमजली घरासमोर मुलांच्या दोन भल्यामोठ्या गाड्या उभ्या असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेत पत्र्याच्या सावलीखाली बर्मील. भाजीमार्केटमधून त्याच्यासाठी कोबीची पानं आणि गाजराची पात यायची. दर शुक्रवारी अर्बाब त्याला पिकअपच्या हौद्यात चढवून फिरायला न्यायचा, समुद्रापर्यंत आणि परत. उन्हाळ्यात पाठीवर ओलं गोणपाट. सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं फोटो काढायची आणि बर्मील मंत्र्यासारखा समोर बघत उभा राहायचा. मी एकदा भीतभीत विचारलं होतं की अर्बाब, गाढवावर माणूस बसतो, गाढव गाडीत बसत नाही. तो म्हणाला, "जब तक तेल है, हम उसको घुमाएगा. तेल खलास, वो हमको घुमाएगा." यात चूक काढायला मी शिकलेला नव्हतो. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी. मालकाच्या बोलण्यात चूक दिसली तरी आधी आपलंच डोकं तपासतो.

आता खरी गंमत अशी की या माणसाचा धंदा एसी दुरुस्तीचा. शहरातच अल खुवैरला, मोठमोठ्या ऑफिसांच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान, आणि मी तिथे मेकॅनिक. घरी मात्र तो आठवड्यातून एक दुपार एसी बंद ठेवून खजुराच्या पात्याचा पंखा हलवत बसायचा, तयारी म्हणून. त्या दुपारी त्याची बायको न चुकता बहिणीकडे जायची. भर जूनमध्ये एखाद्या बाईचा फोन यायचा की एसी बंद पडलाय, लहान मूल आहे, आणि चुकून तो फोन अर्बाबने उचलला, तर तो प्रेमाने सांगायचा, "आदत करो." मग मी मागच्या दाराने जाऊन त्या बाईला उलटा फोन लावायचो, की मॅडम, यल्ला, निघालोच. दुकान चाललं ते अर्बाबच्या हातून फोन लांब ठेवल्यामुळे चाललं.

राजकारणावर तो बोलायचाच नाही. पेट्रोल महागलं, नवा कर आला, चहाच्या टपरीवर बाकीचे कुजबुजायचे; अर्बाब डोक्यावरची नक्षीदार टोपी सारखी करून गप्प. पण संध्याकाळी बर्मीलच्या कानाशी तो बराच वेळ काहीतरी सांगत असायचा, हातवारे करून. मी विचारलं, एवढं काय बोलता? म्हणाला, हा कुणाला सांगत नाही.

आणि त्याची ती बातमी विचारण्याची रीत. इकडच्या जुन्या माणसांचा रिवाज आहे. भेटलं की आधी तब्येत, घरचे, पाऊसपाणी, मग कहवा, म्हणजे इकडची वेलची घातलेली कोरी कॉफी, आणि मग विचारायचं, "उलूम?" म्हणजे काय खबर? त्यावर उत्तर एकच, की सगळं खैर, काही खबर नाही. घर जळालं असलं तरी आधी हेच. ते झालं की मग खरी खबर. मला हे कुठून माहीत असणार? सुरुवातीला एकदा मुसळधार पावसाने दुकानात पाणी शिरलं. मी धावत त्याच्या घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो की अर्बाब, दुकान बुडालं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी चपला घालून देवळात शिरलोय. मला बसवलं. तब्येत विचारली. वेंगुर्ल्याला पाऊस कसा आहे ते विचारलं. खजूर दिला, कहवा ओतला, पुन्हा ओतला, पुन्हा. कपभर नाही, बोटभर असतो तो, पण पुरे असेल तर फिंजान, म्हणजे ती बिनकानाची वाटी, हातात जराशी हलवून परत द्यायची असते. नाही हलवली तर समोरचा ओततच राहतो. मला तेही ठाऊक नव्हतं. मी आपला पीत राहिलो आणि तिकडे कॉम्प्रेसर तरंगत राहिले. शेवटी त्याच्या बायकोने आतून हाताने खूण केली तेव्हा मी फिंजान हलवला. मग त्याने विचारलं, उलूम? मी म्हटलं, सगळं खैर, काही खबर नाही, दुकानात गुडघाभर पाणी आहे. "अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला आणि सावकाश चपला शोधू लागला.

हे सगळं सांगायचं कारण पुढे आहे. एक दिवस नियम आला की माझ्या व्हिसावर जे काम लिहिलंय ते यापुढे ओमानी माणसालाच द्यायचं. वाईट काही नाही त्यात. देश त्यांचा, पोरं त्यांची, त्यांनाही नोकऱ्या हव्यातच. पण मी कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघणारा माणूस. रात्री उठून मी व्हिसावरचं ते काम पुन्हा पुन्हा वाचून बघायचो. मुलगी नर्सिंगला होती, मधल्या वर्षाला. आमच्या घरात आठवीच्या पुढे पोचलेली पहिलीच. मी परत गेलो असतो तर ती कॉलेज सोडून कुठल्या तरी दवाखान्यात केसपेपर काढायला बसली असती; तिने फोनवर तसं बोलूनही दाखवलं होतं, की बाबा, नाहीतर मी थांबते, तुम्ही टेन्शन घेऊ नका. हे ऐकून टेन्शन कमी होतं असं तिला कुणी शिकवलं कोण जाणे. खोलीतले नाना, मालवणचे, एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी, ते म्हणाले, "मेल्या, अजून कोणी जा म्हणाला नाय तर तू बॅग कित्या भरतंस?" खरंच मी बॅग भरून खाटेखाली ठेवली होती.

आणि अर्बाबने मला घरी कहव्याला बोलावलं. शेजारी त्याचा भाचा बसलेला, डिप्लोमा झालेला, अंगात स्वच्छ पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात मोबाइल. बघताक्षणी मी समजलो. हा आता दुकानात बसणार आणि मी विमानात. पण एवढ्या वर्षांत मीही रिवाज शिकलो होतो. फिंजान हलवल्याशिवाय खबर निघत नाही. मी ठरवलं, हलवायचाच नाही.

अर्बाबने ओतला, मी प्यायलो. ओतला, प्यायलो. तब्येत झाली, वेंगुर्ल्याचा पाऊस झाला, आंबा झाला, फणस झाला, फणस म्हणजे काय ते झालं. भाचा चुळबुळायला लागला, खाकरला, मामाला काहीतरी म्हणाला. अर्बाबने त्याला झापलं की पाहुण्याने फिंजान अजून हलवलेला नाही, तुला तुझ्या आईने काही शिकवलं नाही का. दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची किटली, रिकामी झाली. आतून दुसरी आली. माझं काळीज वेलचीच्या वासाने धडधडत होतं, कानात गरम वाफ, आणि पोटाखाली अशी परिस्थिती की मी पाय घट्ट जुळवून बसलो होतो. अर्बाबच्या कपाळावर घाम. त्याचाही हात दुखत असणार, पण तो यजमान. यजमानाने कसं थांबायचं? दोघंही भल्या माणसांसारखे एकमेकांचा छळ करत होतो.

शेवटी देहापुढे कुणाचं चालत नाही. मी फिंजान हलवला, तिथेच ठेवला आणि आधी संडासाकडे पळालो. परत आलो तेव्हा अर्बाब भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. डोळे उघडून म्हणाला, "उलूम?"

"खैर, अर्बाब. कुछ खबर नहीं."

"मेरा भी कुछ खबर नहीं." मग सुस्कारा टाकून, "दुकान भांजा देखेगा."

मी मान खाली घातली. म्हटलं, इन्शाल्ला.

"बाग में बर्मील को आदमी माँगता. तुम जाएगा?"

म्हणजे चांगली बातमी आत शिजून तयार होती आणि मी दोन किटल्या कहवा पिऊन तिला दारातच अडवून धरली होती. त्याची मस्कतबाहेर, बरका गावाला, खजुराची बाग होती. तिथे जनावरं आणि झाडं सांभाळायला परदेशी माणूस ठेवायला परवानगी होती, आणि बागेत जनावर हवं म्हणून तो बर्मीलला तिकडे हलवणार होता. मी रडलो बहुतेक. भाचा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला की मला एसीतलं काही कळत नाही, फोन केला तर चालेल ना? चालेल म्हटलं. अजूनही करतो. गॅस भरण्याबद्दल विचारण्याआधी बर्मीलची तब्येत विचारतो; आईने काहीतरी शिकवलंच होतं म्हणायचं.

नाना मात्र खोलीत पोट धरून हसले. "अरबाची चाकरी सोडून गाढवाची धरलंस? गावात काय सांगतलंस?" गावात मी सांगितलं की खातं बदललं. बायको म्हणाली, बरं झालं, एसी बसवायला उंच भिंतींवर लटकायचं तरी बंद झालं. मुलीने कॉलेज सोडलं नाही.

बागेत माझं बरं चाललं. माडांच्या मुलखातला माणूस, खजुराच्या झाडांशी जमायला वेळ लागला नाही. अर्बाब दर शुक्रवारी पिकअप घेऊन यायचा आणि बर्मीलला फिरवून आणायचा. त्याच्यावर कधी कुणी बसलं नाही. तेल अजून संपलं नव्हतं ना.

या हिवाळ्यात मुलीला नोकरी लागली, हॉस्पिटलात, पांढऱ्या कपड्यातला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, बाबा, आता या. मी ठरवलं, शुक्रवारी अर्बाबला सांगायचं. शुक्रवारी तो आलाच नाही, फोन आला. तब्येत विचारली, झाडं विचारली, मग म्हणाला की सगळं खैर, काही खबर नाही, गाडीतलं पेट्रोल संपलंय, बागेच्या अलीकडच्या वळणावर उभा आहे. आणि जरा थांबून, आवाज बारीक करून, "बर्मील को लाओ."

आयुष्यभर ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला होता. मी बर्मीलच्या पाठीवर धुतलेलं गोणपाट घातलं, थर्मास आणि फिंजान घेतले आणि निघालो. अर्बाब रस्त्याकडेला उभा, टोपी नीट, छाती काढून. बर्मील त्याला बघून धावला, म्हणजे त्याच्या पोटाला जमेल तेवढा धावला, आणि अर्बाबच्या अंगावरून पुढे जाऊन थेट पिकअपच्या मागे उभा राहिला, चढवा म्हणून. आम्ही ओढला, ढकलला, गाजर दाखवलं. अर्बाबने एक पाय टाकून बसायचा प्रयत्न केला तर तो सरळ खाली बसला. शेवटी मी हौद्याची फळी पाडली. बर्मील शांतपणे वर चढला आणि समोर बघत उभा राहिला.

अर्बाबने त्याच्याकडे बघितलं. मग हसायला लागला. इतका हसला की डोळे पुसावे लागले. माझ्या मनात आलं की म्हातारा झालाय आता. भाचा पेट्रोल घेऊन निघाला होता, तोवर आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. थर्मास त्याने माझ्या हातातून घेतला. ओतायचं काम त्याचंच. वेंगुर्ल्याचा पाऊस विचारला. हिवाळा आहे, पाऊस नाही, मी म्हटलं. घरचे विचारले. फोटो दाखवला. तो पांढऱ्या कपड्यातल्या माझ्या मुलीकडे बघत राहिला, माशाल्ला म्हणाला, आणि फोटो परत देताना त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. उलूम विचारायची वेळ अजून यायची होती. माझ्या फिंजानात उरलेला घोट मी प्यायलो आणि हात तसाच स्थिर धरला.

त्याने ओतला. रस्त्यावर लांब एक गाडी येताना दिसत होती, भाच्याची असेल किंवा नसेल. मी प्यायलो. पुन्हा हात स्थिर धरला, आणि तो ओतत राहिला.