ठमीचं अर्धं युनिट

घड्याळ मागे पडत असेल तर आतली पट्टी केसभर सरकवायची, दुसऱ्या दिवशी बघायचं, हवं तर पुन्हा केसभर. चाळीस वर्षं घड्याळजींनी हेच केलं. त्या केसभरावर त्यांचा संसार उभा राहिला आणि थोडा तोराही. दुसऱ्या कुणी उघडलेलं घड्याळ हातात आलं की ते आधी नाक मुरडत, मग दुरुस्त करत.

दुकान बंद केल्यावर त्यांनी आपलं टेबल घरी खिडकीपाशी आणलं. त्यावर हत्यारं कमी आणि ठमी जास्त. ठमी म्हणजे मांजर. आणली बायकोने, लाडावून ठेवली यांनी. तिला मधुमेह निघाला तेव्हा बायको म्हणाली, "मला नाही बाई सुई टोचवणार. तुमचा हात स्थिर आहे, तुम्हीच करा."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाणं झाल्यावर, एक युनिट इन्सुलिन. खाण्याआधी कानाला टोचून साखर बघायची, वहीत लिहायची, आठवड्याने वही दाखवायची. घड्याळजींनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं.

पहिल्या दिवशी तीनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी तीनशे नव्वद. मागे पडतंय हे डोळ्यांना दिसत असताना हातावर हात ठेवून बसायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिरिंजमध्ये अर्धं युनिट जास्त ओढलं. चौथ्या दिवशी आणखी अर्धं.

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"यात काय विचारायचं? केसभर तर आहे."

पाचव्या दिवशी सकाळी अडीच युनिट झाली. दुपारी ठमी टेबलावरून उतरली आणि तिच्या मागच्या पायांनी दगा दिला. भिंतीला धडकून ती आडवी झाली, अंगाला झटके येऊ लागले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "साखर फार उतरली असणार. हिरड्यांना मध चोळा आणि ताबडतोब निघा." बायकोने बरणी पुढे केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या घड्याळजींना मधाचं बोट काही ठमीच्या तोंडापर्यंत नेता येईना, इतकं ते थरथरत होतं. शेवटी बायकोनेच चोळला.

दोन दिवस दवाखान्यात काढून ठमी घरी यायला निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, हे औषध अंगात बसायला दिवस लागतात. एका आकड्यावरून डोस हलवायचा नसतो. आता पुन्हा एकच युनिट. आकडा वर दिसला तरी मला विचारल्याशिवाय वाढवू नका. खाली आला, किंवा हिने खाल्लं नाही, तर टोचायच्या आधी फोन करा."

"मग मी करायचं काय?"

"लिहायचं."

त्या संध्याकाळी आकडा आला तीनशे पंच्याण्णव. त्यांनी लिहिला. एक युनिट भरलं, उजेडात धरून तीनदा पाहिलं आणि तसेच बसून राहिले. भिंतीवरची घड्याळं बिनचूक चालली होती. त्यांना त्या सगळ्यांचा राग आला.

"मी टोचू का?" बायकोने विचारलं. तिचाही चेहरा उतरलेला होता.

तेवढ्यात वाटी चाटूनपुसून ठमी अडखळत टेबलापाशी आली. उडी मारायची ताकद नव्हती, म्हणून त्यांच्या पायावर पंजा ठेवून थांबली. त्यांनी तिला वर घेतलं. रोजच्यासारखी ती पाठ करून बसली आणि मानेची सैल कातडी त्यांच्या हाताशी आणून दिली. बायकोने त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला.

"अगं, हिला कळत कसं नाही?" घड्याळजी म्हणाले. "मीच केलं होतं ते."