साडूभाऊंचा हिरवा खडू

या जगात तयार झालेली एकही वस्तू आमच्या साडूभाऊंनी पास केलेली मी कधी पाहिली नव्हती. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी तपासणी खात्यात काढली. समोर आलेला लोखंडी भाग मोजायचा, खोट सापडली तर त्यावर लाल खडूने फुली मारायची आणि निर्दोष निघाला तर हिरव्या खडूने बरोबरची खूण करायची, एवढंच काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, फुली सुटली नाही. शर्टाच्या खिशात कायम दोन खडू असायचे. लाल झिजून बोराच्या बीएवढा झालेला आणि हिरवा अखंड, कागदी वेष्टनासकट. प्रतापनगरात मी घर बांधलं, तेव्हा वास्तूच्या दिवशी सत्यनारायणाला हात जोडण्याआधी त्यांनी चौकटीला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला आणि भर पाहुण्यांत माझ्या नव्याकोऱ्या सागवानी दारावर लाल फुली ओढली. तिचा पुसट डाग अजून आहे आणि माझा रागही अजून आहे. स्वतःच्या जावयालाही त्यांनी सोडलं नाही. थोडा वाकडा आहे, पण आता चालवून घेऊ, असं ते लग्नाच्या मांडवात खुद्द व्याह्यांना म्हणाले होते.

अशा माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर गाडी घ्यायची ठरवली. तीही साधी नव्हे. जुन्या काळची, विलायती, उघड्या टपाची, जमिनीला चिकटून धावणारी, दोनच माणसांची. म्हणजे अर्थात तिची नक्कल, कारण अस्सल गाडी आता आमच्यासारख्यांना लांबूनसुद्धा बघायला मिळत नाही. काही हौशी कारागीर जुन्या नमुन्याबरहुकूम अशा गाड्या बनवतात. आता नक्कल म्हटल्यावर तिच्यात काही उणं असणारच, पण हे यांना समजावणार कोण?

या वेडाचं मूळ सीताबर्डीच्या एका गॅरेजात आहे. आयटीआयमध्ये शिकत असताना साडूभाऊ तिथे काम करायचे, वय एकोणीस. एक दिवस तसली लाल गाडी दुरुस्तीला आली. यांनी ती पुसून लख्ख केली. निघताना मालकाने विचारलं, बसतोस का, एक चक्कर मारून आणतो. यांनी आपल्या तेलकट कपड्यांकडे पाहिलं आणि नको म्हणाले. हा प्रसंग मी शंभर वेळा ऐकला आहे. ताईंनी हजार वेळा ऐकला असेल. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची बायको. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी ताईंना शब्द दिला होता की तसल्याच गाडीत शेजारी बसवून तुला फुटाळ्याच्या तलावावर नेईन. ताई फुटाळ्याला असंख्य वेळा गेल्या, पण स्कूटरवर.

मग आमची वणवण सुरू झाली. आमची अशासाठी की साडूभाऊंकडे स्कूटर आहे आणि चारचाकी माझ्याकडे. चार वर्षं मी या माणसाला भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, कुठे कुठे म्हणून नेलं नाही? त्यांच्या पिशवीत पोलादी पट्टी, फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, सपाटी पाहायची पाणसळ आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक. रायपूरच्या एका भल्या गृहस्थाने आम्ही येणार म्हणून गाडीला झेंडूचा हार घातला होता. साडूभाऊंनी हार बाजूला करून चुंबक लावलं. ते चिकटलं नाही, कारण गाडीचं अंग फायबरचं. "हे गाडी नाही गा, गच्चीवरची पाण्याची टाकी आहे," त्या गृहस्थासमोरच त्यांनी मला सांगितलं. त्याने तरीही चहा दिला. मी शरमेने माझा कप तसाच ठेवला. यांनी दोन कप घेतले आणि कप टेबलावर डगमगतो असं जाता जाता सुनावलं.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. या चार वर्षांत साडूभाऊ एकाही गाडीत बसले नाहीत. लोक दार उघडून धरायचे, आग्रह करायचे. यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तपासणाऱ्यानं माल वापराचा नसते. पहिले पास, मंग बसणं."

शेवटी कळमेश्वरला एक कारागीर सापडला. चाळिशीचा, अबोल, एका शेडमध्ये हाताने पत्रा ठोकून गाडी घडवणारा. चुंबक चिकटलं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानतो तोच साडूभाऊंनी अकरा फुल्या मारल्या. उजव्या दाराची फट तीन मिलिमीटर, डाव्या दाराची पाच. त्या सज्जनाने दार काढून पुन्हा बसवलं. महिन्याने गेलो तर काचेची चौकट तिरपी. ती सरळ झाली तर दिव्यांची उंची कमीजास्त. दर खेपेला तो म्हणायचा, काका, एकदा बसून तर पाहा. आणि दर खेपेला काका पट्टी काढायचे.

असं दीड वर्ष चाललं. सुरुवातीला साडूभाऊ गाडीखाली सरपटत जायचे. मग गुडघे टेकून वाकू लागले. मग पट्टी मला धरायला लावून आकडे विचारू लागले. मग शेडमध्ये त्यांच्यासाठी स्टूल आलं आणि हातात काठी आली. गाडी दर महिन्याला नीट होत होती आणि माणूस दर महिन्याला बिघडत होता, हे त्यांच्याखेरीज आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ताईंनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हटलं, "भाऊजी, त्यायले म्हणा आता बसून घ्या. मले फटी नाही मोजायच्या, फुटाळ्याले जायचं आहे."

पुढच्या खेपेला कळमेश्वरहून परतताना मी गाडी कडेला घेतली आणि साडूभाऊंना फाडफाड बोललो. तुम्हाला गाडी नकोच आहे, तुम्हाला खोट हवी आहे, असंही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "गलत माल पास केला ना, तर तो आपलं नाव घेऊन रस्त्यावर फिरते." मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

गेल्या महिन्यात कारागिराचा फोन आला. या वेळी ताईही आल्या. नवी साडी, पदर उडू नये म्हणून दोन पिना. साडूभाऊंनी तासभर मोजलं. पट्टी मी धरली, पाती मी सरकवली. मग ते स्टुलावरून उठले, खिशातून हिरवा खडू काढला आणि वेष्टन सोलू लागले. इतक्या वर्षांनी कागद निघेना. अखेर त्यांनी टायरवर खूण केली. कारागिराने तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही राहवलं नाही, खोटं कशाला बोलू?

त्याने दार उघडलं. आसन जमिनीपासून वीतभर उंच. साडूभाऊंनी उजवा पाय आत टाकला, गुडघा वाकला नाही. डावा टाकून पाहिला. पाठमोरे होऊन पाहिलं. मी आणि कारागिराने काखेत हात घालून खाली सोडून पाहिलं, तेव्हा ते कळवळले. साडूभाऊंनी लाल खडूचं थोटूक काढलं, जमेल तेवढं वाकून आपल्याच पँटच्या गुडघ्यावर फुली मारली आणि म्हणाले, "गाडी पास आहे. माल इकडचा खराब निघाला."

पलीकडच्या दाराने ताई केव्हाच आत बसल्या होत्या. त्या उतरू लागल्या, तशी साडूभाऊंनी हाताने बस म्हणून खूण केली. काठी टेकत गाडीला वळसा घालून ते त्यांच्या बाजूला गेले. पदराची एक पिन निसटली होती ती नीट लावली. दार लोटलं. फटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊजीसोबत जाऊन ये वं फुटाळ्याले," ते म्हणाले. "मी इथं बसतो."

आणि ते स्टुलावर जाऊन बसले. चार वर्षांचं साचलेलं मला त्यांना पुष्कळ ऐकवायचं होतं. मी गाडी सुरू केली.