हेस्टर क्रिबचं वाकडं रान

नाही म्हणायला हेस्टर क्रिबला कधी कारण लागलं नाही. त्या वर्षी मात्र कारण होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. इंग्लंडातल्या लेस्टरशरच्या चिकणमातीत अठ्ठावीस एकर, थोड्या मेंढ्या आणि डायमंड-डचेस ही घोड्यांची जोडी, एवढा तिचा संसार. दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं वर्ष. सरकारच्या शेतकी समितीचे पेलिंग साहेब कागद घेऊन फाटकाशी आले. वरचं कुरण नांगरून ओट पेरायचे होते.

"पेरीन की. खाणारी तोंडं मलाही दिसतात."

"पण आडवं नांगरायचं, बाई. ट्रॅक्टर पाठवतो. हे उंचवटे सपाट करू."

उंचवटे म्हणे! गुडघाभर उंचीचे वरंबे होते ते, शेकडो वर्षांच्या नांगरटीने चढलेले, दोन्ही टोकांना एकाच डौलात वळलेले. आठ बैलांचं औत बांधाशी फिरवायचं तर आधीपासूनच कलतं घ्यावं लागे, तेव्हाचं ते वळण. गावातल्या प्रत्येकाच्या पट्ट्या होत्या तिथे, क्रिबांच्याही. मग बड्या मालकांनी कुंपणं घातली, मेंढ्या सोडल्या आणि माणसं हुसकावली. हेस्टरच्या नवऱ्याने वीस वर्षं दुसऱ्याच्या मेंढ्या राखून ते रान परत मिळवलं होतं.

"मी उभंच नांगरणार. वरंब्यावरून, वळणावळणाने."

"वाकडं? अहो, लोक हसतील!"

"हसू देत. दात दिसतील, दुसरं काय!"

साहेब तडकले. "मार्चमध्ये पीक दिसलं नाही, तर रान समिती ताब्यात घेईल. लेखी देतो."

"द्या. चूल पेटवायला कागद लागतोच."

तोंडाने म्हणाली खरी, पण कागद घडी घालून जपून ठेवला.

शेजारच्या वॉल्टर ऑर्टनचं रान ट्रॅक्टरने दोन दिवसांत पाटासारखं सपाट केलं. हेस्टर अकरा दिवस घोड्यांमागे चालली. वॉल्टर कुंपणावरून ओरडला, "हेस्टर, प्यालीस का गं? नांगराचे तास बघ तुझे!"

"तू तुझ्या ट्रॅक्टरला पोहायला शिकव!"

ऑक्टोबरात पेरणी झाली आणि नोव्हेंबरपासून जो पाऊस लागला तो फेब्रुवारीपर्यंत हटला नाही.

मार्चमध्ये पेलिंग साहेब गमबूट घालून आले. वॉल्टरच्या रानात बदकं पोहत होती. हेस्टरच्या सऱ्यांमधलं थोडं पीक कुजलं होतं, ते तिने लपवलं नाही. पण पाणी सऱ्यांमधून ओढ्याला गेलं होतं आणि वरंब्यांवर ओट वीतभर उभे होते.

साहेबांनी वाकून वरंब्यावरची माती चाचपली. मग हळूच म्हणाले, "रान तुमचंच राहील, बाई. पण ऑर्टनच्या शेतात असे वरंबे पुन्हा घालता येतील का?"

"येतील की," हेस्टर म्हणाली. "आठ बैल आणा, आणि सातशे वर्षं थांबा."